थांबलेली फियाट पुन्हा चालती करताना

ज्या काळी मोटार घेण्यासाठी पैशापेक्षाही धीर अधिक लागत असे, अनामत रक्कम भरून वर्षानुवर्षे आपल्या क्रमांकाची वाट पाहावी लागत असे, आणि अखेर गाडी दारात आली म्हणजे तिला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून साऱ्या आळीला पेढे वाटले जात, त्या काळात घरोघरी आलेल्या फियाट गाड्यांपैकी कितीतरी आज वाड्यांच्या पडव्यांत, बंगल्यांमागील पत्र्याच्या शेडमध्ये आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारांतील कोपऱ्यांत, धुळीने माखलेल्या आणि टायर जमिनीला टेकलेल्या स्थितीत उभ्या आहेत. घरातील कर्ता पुरुष निवर्तला, मुले परगावी किंवा परदेशी गेली, नव्या गाड्या आल्या. जुनी विकावी असे कोणाच्या मनात आले नाही आणि चालवावी एवढी सवड कोणाला झाली नाही, इतक्या साध्या कारणांनी त्या थांबल्या. अशी एखादी गाडी कोणी आस्थेने विकत घेतो, तेव्हा पहिल्याच दिवशी बॅटरी जोडून किल्ली फिरवून पाहण्याचा जो अनावर मोह त्याला होतो, त्या मोहाइतका त्या गाडीचा मोठा शत्रू दुसरा नाही. पुढील विवेचन त्या नव्या मालकासाठी आहे.

फियाट या एका नावाखाली आपल्याकडे वस्तुतः अनेक गाड्या मोडतात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारान्वये डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी होत असे. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी इटलीतील फियाट कंपनीशी संबंध जुळला, आणि प्रथम चिमुकली फियाट ५०० व १९५४ पासून फियाट ११०० या गाड्या कुर्ल्याहून बाहेर पडू लागल्या. ही ११०० दान्ते जाकोझा या अभियंत्याच्या प्रतिभेतून निघालेली व १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम मांडलेली गाडी. तिच्या त्या गोल, पुष्ट बांध्याला आपल्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखले, आणि त्या नावात ममताच होती. १९६४ च्या सुमारास सरळ रेषांची ११०० डी, म्हणजे ‘डिलाइट’, आली. सत्तरीच्या दशकात तीच ‘प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘पद्मिनी’ या नावांनी विकली जाऊ लागली, आणि या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी १९६४ मध्ये बारा हजारांची फियाट घेताना पाच हजारांचे बँक कर्ज काढले होते, आणि त्यांच्या निधनानंतर ते त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीतील त्यांच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे तर हीच गाडी. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

हा इतिहास सांगण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, सुमारे चाळीस अश्वशक्तीचे एकच इंजिन फारसा फेरफार न होता दशकानुदशके याच गाडीत बसत राहिले, आणि हजारो टॅक्सी दिवसरात्र त्यावर धावत राहिल्यामुळे त्याचे सुटे भाग व ते जाणणारे हात हे दोन्ही महाराष्ट्रात इतर कोणत्याही जुन्या गाडीपेक्षा अधिक प्रमाणात शिल्लक आहेत. परदेशी बनावटीची एखादी भव्य गाडी घेऊन तिच्या एका गॅस्केटसाठी वर्षभर पत्रव्यवहार करीत बसण्यापेक्षा, पहिल्यानेच या मार्गाला लागणाऱ्याने फियाटच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीला हात लावण्यापूर्वी तिच्या दस्तऐवजांना हात लावावा. नोंदणी पुस्तक, म्हणजे आपण ज्याला आर. सी. बुक म्हणतो ते, मूळ स्वरूपात आहे काय, त्यातील चासिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळतात काय, आणि पुस्तकात नाव असलेली व्यक्ती हयात आहे काय, या तीन प्रश्नांची खातरजमा होईपर्यंत पैसे देऊ नयेत. मूळ मालक निवर्तला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावे नमुना ३१ भरून चढवावी लागते आणि त्यानंतरच नमुना २९ व ३० यांवर खरेदीदाराच्या नावे हस्तांतरण होते. गाडी परजिल्ह्यातील किंवा परप्रांतातील असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखलाही लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि त्यापुढे तपासणी करून घेऊन दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण. उभ्या राहिलेल्या गाडीचे हे नूतनीकरण बहुधा कित्येक वर्षे राहून गेलेले असते व त्याचा दंड चढलेला असतो. हे सर्व निस्तरता येते, परंतु ते कोणी निस्तरायचे हे सौद्याच्या वेळीच ठरले पाहिजे, कारण एकदा कब्जा बदलला की वारसांचा उत्साह मावळतो आणि चार भावंडांच्या सह्या गोळा करणे हे इंजिन बांधण्याहून अवघड होऊन बसते.

त्यानंतरचा प्रश्न असा की गाडी थांबली ती का. चालती गाडी केवळ चालवणारा न राहिल्यामुळे थांबली असेल तर ती बहुतांशी शाबूत असते, काळाने जे बिघडवले तेवढेच दुरुस्त करायचे उरते; पण ती एखाद्या बिघाडामुळे थांबली असेल, तर तो मूळ बिघाड आणि त्यावर चढलेले काळाचे थर असे दुहेरी काम पुढ्यात येते. घरच्या मंडळींना विचारावे, शेजाऱ्यांना विचारावे, आणि शक्य असेल तर गाडीचे काम ज्याच्याकडे होत असे त्या मिस्त्रीला गाठावे. पुढच्या खणात जुनी बिले, पेट्रोलच्या पावत्या, क्वचित मालकाच्या हस्ताक्षरातील तेल बदलल्याच्या तारखा सापडतात. हे कागद रद्दीत टाकणे हा मी अपराध समजतो. गाडी कोणत्या हवेत उभी होती हेही पाहावे. देशावरच्या कोरड्या शेडमध्ये वीस वर्षे राहिलेल्या गाडीचा पत्रा रत्नागिरीत किंवा मालवणात पाच पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीपेक्षा चांगला निघतो. या गाडीला वेगळी चौकट नाही. तिचे अंग हीच तिची चौकट असल्यामुळे दारांखालचे पत्रे, पायाखालची जमीन आणि मागच्या पाट्यांचे आधार सडले असतील तर तो केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. मॅटिंग उचलून, स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवून पत्रा जागोजाग दाबून पाहावा. इंजिन कोणत्याही अवस्थेत असले तरी बांधता येते, पण सडलेले अंग पुन्हा उभे करण्याचा खर्च बहुतेकांच्या कुवतीबाहेर जातो. म्हणून खरेदीचा निर्णय नेहमी पत्र्यावर करावा.

आता या लेखात जे मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते सांगतो. गाडी चालती करणे आणि गाडी नवी करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत, आणि नव्या मालकाने पहिले कार्य पुरे केल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये. उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात इंजिन उतरवले जाते, दारे काढली जातात, बैठका उसवल्या जातात, वायरिंग ओढून काढले जाते. मग पैसा संपतो, मिस्त्री दुसऱ्या कामात गुंततो, डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडतात, आणि जी गाडी धुळीत का होईना पण अखंड होती ती पोत्यांत भरलेल्या भागांच्या रूपाने भंगारात जाते. उपेक्षेने जितक्या जुन्या गाड्या नष्ट झाल्या, तितक्याच अशा अर्धवट सोडलेल्या जीर्णोद्धाराने नष्ट झाल्या असाव्यात असे मला वाटते. उलट, जी गाडी महिन्या-दोन महिन्यांत स्वतःच्या बळावर आवाराबाहेर पडते, तिच्यावर घरातील सर्वांचा लोभ जडतो, आणि पुढील दुरुस्त्यांना धीर व पैसा दोन्ही मिळत राहतात. म्हणून जे आवश्यक तेवढेच उघडावे, एका वेळी एकच व्यवस्था हाती घ्यावी, आणि ती पुरी झाल्याखेरीज दुसरीला स्पर्श करू नये.

यांतील पहिली व्यवस्था इंजिनाची. ते आठ-दहा वर्षे फिरले नसेल तर सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा पातळ थर केव्हाच उतरून गेलेला असतो. रिंगा लोखंडाच्या, भिंतीही लोखंडाच्या, आणि जो व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्याच्या वाटेने पावसाळ्यामागून पावसाळा दमट हवा आत शिरलेली. रिंगा व भिंत यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा धरतो. अशा स्थितीत सेल्फ मारला, किंवा त्याहून वाईट म्हणजे चार माणसांनी धक्का देऊन गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडली, तर गंजाचे कण भिंतींवर ओरखडे काढतात, रिंग तुटते, अडकून बसलेला व्हॉल्व्ह आपला पुशरॉड वाकवतो, आणि जे इंजिन थोड्या सबुरीने विनाखर्च सुटले असते ते मशीन शॉपमध्ये बोअर करण्यासाठी धाडावे लागते. योग्य रीत अशी की चारही प्लग काढून, कोणता कोठला हे ध्यानात ठेवून, क्रमाने मांडावेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल व रॉकेल किंवा डिझेल यांचे मिश्रण थोडे थोडे सोडावे. आणि ते झिरपू द्यावे. दोन-चार दिवसांनी पुन्हा सोडावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करून, क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरील नटाला पाना लावून हाताने हलकेच हलवून पाहावे. बोटभर फिरले तरी थांबावे, मागे आणावे, पुन्हा पुढे न्यावे. पान्यावर पाइप चढवून जोर करण्याचा विचार मनात आला की त्या दिवसाचे काम तेथेच थांबवावे. आठवडा लागला तरी हरकत नाही. बहुतेक इंजिने सुटतात. जे सुटत नाही त्याचेच हेड उघडावे.

इंजिन हाताने मोकळे फिरू लागले की जुने ऑइल काढून टाकावे, आणि त्यात प्रथम पाणी निघते काय किंवा तेल दुधाळ दिसते काय हे पाहावे, कारण त्याचा अर्थ हेड गॅस्केट गेले आहे असा होतो. तळाचे चेंबर एकदा उतरवून आतील गाळ पुसून काढणे हे कष्टाचे असले तरी मी ते टाळू देणार नाही. तो गाळ नव्या तेलात विरघळून बेअरिंगांपर्यंत पोहोचला तर मागची सगळी सबुरी वाया जाते. साधे खनिज तेल, २०डब्ल्यू-४० किंवा त्याच्या आसपासचे, या इंजिनास मानवते. महागडे कृत्रिम तेल जुन्या सीलांतून पाझरते. तेल भरल्यावर, प्लग बाहेर असतानाच, सेल्फ थोडा थोडा मारून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवावे. त्या वेळी कोणताही स्फोट होत नसतो, कोणताही भार नसतो, आणि तेल मात्र शांतपणे बेअरिंगांपर्यंत चढते. एवढ्या एका गोष्टीने इंजिनाचे आयुष्य किती वाढते हे अनेक चांगल्या मिस्त्रींनाही पटवून द्यावे लागते.

इंधनाची कथा अधिक दुःखद असते. टाकीत राहिलेले पेट्रोल वर्षांमागून वर्षे उडून जाते आणि तळाशी काकवीसारखा घट्ट, उग्र वासाचा राळेचा थर सोडते; तीच राळ पाइपांत, पंपाच्या पडद्यावर आणि कार्बोरेटरच्या केसाएवढ्या बारीक जेटांत बसते. म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी गाडीच्या टाकीचा उपयोग करूच नये. टाकी उतरवून स्वतंत्रपणे धुऊन घ्यावी, आतून गंजलेली असल्यास रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्यावी, आणि तोवर एका लहान स्वच्छ डब्यातून नव्या होजने कार्बोरेटरला पेट्रोल पुरवावे. कार्बोरेटर उघडताना जेट तारेने टोकरू नयेत, भोक मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते. पेट्रोलमध्ये बुडवून हवेच्या झोताने ते साफ करावेत, आणि फ्लोटच्या पोटात पेट्रोल शिरले आहे काय हे कानाशी हलवून पाहावे. रबराचे सर्व होज व पंपाचा पडदा न बघताच नवे घालावेत. याला आजच्या काळात एक अधिक कारण आहे. २००० सालापासून पेट्रोलमधील शिसे गेले, ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले; पण आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल एकीकडे हवेतील पाणी ओढून घेते व दुसरीकडे त्या काळच्या रबराला व बुचाच्या गॅस्केटांना फुगवून मऊ करते. गाडी नियमित धावत असेल तर त्याचा उपद्रव मर्यादित राहतो. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत मात्र ते पाण्यासह तळाशी बसते आणि टाकी आतून खाऊ लागते. इथेनॉलला टिकणारे होज घालावेत, आणि गाडी उभी राहणार असेल तेव्हा टाकीत पेट्रोल साठवू नये.

पाण्याच्या व्यवस्थेत ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे; नळाचे साधे पाणी वर्षानुवर्षे घातल्यामुळे हेडचे पाणीमार्ग कुरतडले जातात, रेडिएटर क्षाराने चोंदतो, आणि एकदा गाडी तापली की ॲल्युमिनियम वाकून गॅस्केट उडते. रेडिएटर उलट दिशेने धुवावा, होज बदलावेत, पाण्याच्या पंपाचा नाद ऐकावा, आणि भरताना शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरावे. घाटात बाजूला उभी राहून वाफा सोडणारी फियाट हे एके काळी खंडाळ्याचे नित्याचे दृश्य होते खरे. पण त्यात गाडीच्या स्वभावापेक्षा चोंदलेल्या रेडिएटरचाच दोष अधिक असे.

ठिणगीची व्यवस्था तुलनेने सोपी. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखालील पॉइंट गंजाने आंधळे झालेले असतात. ते बारीक कागदाने पुसून, त्यांतील अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी ठेवून, कंडेन्सर नवा घातला की बहुधा काम भागते. प्लगच्या तारा १-३-४-२ या क्रमाने लागतात. उंदरांनी वायरिंग कुरतडले असेल, आणि ते त्यांनी बहुतेक ठिकाणी कुरतडलेलेच असते, तर बॅटरी जोडण्यापूर्वी प्रत्येक उघडी तार शोधून काढावी. जुन्या गाड्यांना आग लागते ती बव्हंशी येथून किंवा पेट्रोलच्या गळक्या होजमधून, म्हणून हाताशी अग्निशामक नळकांडे असल्याविना पहिला प्रयत्न करू नये.

मग तो क्षण येतो. शेडची दारे सताड उघडी असावीत, कारण बंद जागेतील इंजिनाचा धूर प्राणघातक असतो. चाकांना ठोकळे लावलेले असावेत, चोक ओढलेला असावा, एक माणूस किल्लीशी व दुसरा इंजिनाशी असावा. पहिल्या काही फेऱ्यांत सिलिंडरमध्ये सोडलेले तेल जळून दाट निळसर धूर निघतो, त्याने घाबरून जाऊ नये. तो काही मिनिटांत ओसरला पाहिजे. ओसरला नाही तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे मार्गदर्शक झिजले आहेत. पांढरा, वाफेसारखा आणि न थांबणारा धूर पाणी आत जात असल्याचे सांगतो. आणि काळा धूर केवळ पेट्रोल जास्त होत असल्याचे, म्हणजे कार्बोरेटरचे काम अजून उरल्याचे. टॅपेटांचा खटखटाट आरंभी होतो आणि तेल पोहोचल्यावर बराचसा मवाळतो. खालून येणारा खोल, जड ठोका मात्र ऐकू आला की तत्काळ इंजिन बंद करावे, तो बेअरिंगचा असतो. सगळे सुरळीत असेल तर रेस न वाढवता, पाणी तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत ते चालू द्यावे. वीस वर्षे निश्चल असलेले ते चार पिस्टन पुन्हा आपल्या तालावर येतात, तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला या छंदाचे समर्थन दुसऱ्या कोणाकडून ऐकावे लागत नाही.

परंतु गाडी सुरू झाली म्हणजे ती रस्त्यावर नेण्याच्या लायकीची झाली असे मुळीच नव्हे, आणि नेमक्या या आनंदाच्या घटकेलाच अपघात होतात. ब्रेकचे काम इंजिनाच्या आधीच हाती घेतले असते तर उत्तमच; निदान इंजिन सुरू झाल्यावर, गाडी हातभर पुढे नेण्यापूर्वी ते पुरे झालेच पाहिजे. या गाडीचे चारही ब्रेक ड्रमचे, आणि तेलाच्या दाबावर चालणारे. ब्रेक ऑइलचा धर्मच हवेतील पाणी शोषण्याचा. ते पाणी मास्टर सिलिंडर व चाकांतील सिलिंडर यांच्या पृष्ठभागावर खड्डे पाडते, रबराचे वॉशर दगडासारखे होतात, आणि लवचिक नळ्या आतून सुजून बंद होतात. या अंतर्गत सुजेचा धोका विशेष, कारण पेडल दाबल्यावर ब्रेक लागतो पण सोडल्यावर सुटत नाही, चाक तापते, आणि नवखा मालक इंजिन ओढत नाही म्हणून कार्बोरेटरशी खटपट करीत बसतो. जुन्या घडणीच्या गाड्यांत चारही चाकांचा एकच मार्ग असतो. एक नळी फुटली की पेडल तळाला जाते आणि चारही चाके मोकळी होतात. म्हणून येथे काटकसर करू नये. सर्व रबर, सर्व लवचिक नळ्या, गंजलेल्या असल्यास धातूच्या नळ्याही, नव्या घालाव्यात. सिलिंडर खरवडून साफ होत नसतील तर बदलावेत. ड्रमची आतील बाजू गोल आहे याची खातरजमा करावी. आणि नवे ब्रेक ऑइल भरून, सर्वांत दूरच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे येत, नळ्यांतील हवा काढावी. इंजिन ऑइलचा एक थेंबही त्यात जाऊ नये, त्याने रबर फुगते. गाडीखाली शिरताना ती केवळ जॅकवर कधीही नसावी.

टायरांवर नक्षी कितीही शिल्लक असली तरी उभ्या राहून तडे गेलेले टायर टाकूनच द्यावेत, ५.२०-१४ मापाचे टायर शोधले म्हणजे मिळतात. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल, म्हणजे पेडल दाबूनही गिअर पडत नसेल, तर पेडल दाबलेल्या स्थितीत लाकडाच्या ठोकळ्याने एक-दोन रात्री अडकवून ठेवावे. पुष्कळदा ती आपोआप सुटते. पुढच्या चाकांच्या सांध्यांना जेथे जेथे ग्रीसची निपले आहेत तेथे जुने, वाळलेले ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत ग्रीस भरावे.

पहिला फेरफटका आवारातल्या आवारात, दुसरा सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर, आणि प्रत्येक फेरीनंतर बॉनेट उघडून तपासणी. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदलावे, हेडचे नट इंजिन थंड असताना मधून बाहेर या क्रमाने पुन्हा आवळावेत, टॅपेट लावावेत. मग गाडी दर आठवड्याला निदान अर्धा तास, इंजिन पुरते गरम होईल एवढी, चालवावी. शेडमध्ये पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याची प्रथा घातक आहे, त्यात जळणातून निर्माण झालेले पाणी उडून जाण्याइतकी उष्णता येत नाही आणि ते तेलात मिसळत राहते.

या ठिकाणी कायद्याचा एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. त्या नोंदणीची मुदत दहा वर्षांची आणि नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. मात्र अशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. ज्याला रविवारी आईला घेऊन देवदर्शनाला जायचे आहे त्याने, नेहमीची नोंदणी जिवंत असेल तर, तिचेच नूतनीकरण करीत राहावे. ती सोडून देण्याची घाई करू नये.

सुटे भाग मुंबईत चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांत, पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात अजून सापडतात. नवे म्हणून मिळणारे सगळेच भाग चांगले असतात असे नाही, आणि जुना खरा भाग साफ करून बसवणे हे नव्या हलक्या भागापेक्षा पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. याच कारणास्तव मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या गाडीचे आधुनिक इंजिन किंवा डिझेल इंजिन बसवण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याला माझा ठाम विरोध आहे. गाडी धावेल, पण ती फियाट राहणार नाही, तिची कागदपत्रे तिच्याशी जुळणार नाहीत, आणि एक चांगले इंजिन भंगारात जाईल.

भागांहून दुर्मिळ होत चालली आहेत ती माणसे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ढिला झाला तर कोणती बुशिंग कोणत्या क्रमाने बदलायची, कार्बोरेटरचा स्क्रू कानाने कसा लावायचा, टायमिंगचा बल्ब नसताना सिगारेटच्या कागदाने पॉइंट उघडण्याचा क्षण कसा पकडायचा, हे ज्यांनी टॅक्सी स्टँडमागच्या गॅरेजात पन्नास-पन्नास वर्षे केले, ते मिस्त्री आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांची मुले संगणकाने चालणाऱ्या गाड्यांची कामे करतात. कारखान्याच्या पुस्तिकेत जे कधीच छापले गेले नाही असे पुष्कळसे ज्ञान त्यांच्याबरोबर जाणार आहे. म्हणून नव्या मालकाने गाडी गॅरेजात टाकून संध्याकाळी न्यायला येऊ नये. दिवसभर तेथे बसावे, हाताखाली पाने द्यावेत, विचारावे, आणि मिस्त्री जे माप, जो क्रम, जी खूण सांगेल ती त्याच्याच शब्दांत, तारखेसह, वहीत उतरवून घ्यावी. त्याच वहीत पहिल्या पानावर चासिस क्रमांक, इंजिन क्रमांक, ज्ञात असतील तेवढ्या पूर्वीच्या मालकांची नावे आणि खणात सापडलेल्या जुन्या बिलांच्या तारखा लिहाव्यात, आणि गाडी पुढे कोणाच्या हाती गेली तर वही तिच्याबरोबर द्यावी.